कृपेचा हिशेब आणि निकालाचा अधिकार

ख्रिस्ती घरात कुणी अकाली गेले की भेटायला येणारी माणसे हमखास म्हणतात, "प्रभूची इच्छा." पुढच्या रविवारी तेच कुटुंब उपासनेला बसते आणि व्यासपीठावरून पाळक बजावतात, की पश्चात्ताप उद्यावर ढकलू नका, निर्णय आजच घ्या, तो तुमच्याच हातात आहे. पहिल्या वाक्यात सगळे आधीच ठरून गेलेले असते, दुसऱ्यात सगळे अजून ठरायचे असते. दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या प्रसंगी कानावर पडतात, म्हणून त्यांच्यातली ओढाताण सहसा जाणवत नाही. ती शेजारी शेजारी मांडली की ख्रिस्ती धर्मविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न उभा राहतो. कुणाचे तारण होणार हे देवाने जगाच्या उत्पत्तीआधीच नेमून ठेवले आहे, की देवाची कृपा स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य माणसाला खरोखरच आहे?

या प्रश्नावर सोळाशे वर्षे वाद झाला. धर्मपरिषदा भरल्या, ग्रंथांची उत्तरे ग्रंथांनी दिली गेली, धर्मगुरू हद्दपार झाले आणि एका वृद्ध मुत्सद्द्याचा शिरच्छेदही झाला. पूर्वनियोजन आणि इच्छास्वातंत्र्य या दोन्ही मतांना पवित्र शास्त्रात भक्कम आधार आहे आणि दोन्ही मते माणसाच्या खऱ्या अनुभवातून आली आहेत, असे आम्हाला वाटते. मिळालेल्या कृपेबद्दल आभार मानताना पहिले मत खरे उतरते आणि आपल्या कृतीची जबाबदारी उचलताना दुसरे. कुणाचा निकाल लावण्यासाठी त्यांचा वापर झाला, की मात्र दोन्ही मते सारखीच निर्दय होतात. या वादाचा इतिहास हेच पुन्हापुन्हा सांगतो.

'आधीच ठरलेले' म्हटले की मराठी वाचकाला प्रारब्ध आठवते. पण या दोन कल्पनांत मोठे अंतर आहे. कर्मसिद्धांतात आजचा भोग मागच्या करणीतून येतो. हिशेब दिसला नाही तरी तो ज्याचा त्याचाच असतो. ख्रिस्ती धर्म पूर्वजन्म मानत नाही. त्यामुळे एकाला विश्वास लाभला आणि त्याच्या सख्ख्या भावाला लाभला नाही, याचे कारण मागच्या खात्यात शोधता येत नाही. प्रश्न सरळ देवाच्या दारात जाऊन उभा राहतो. हा पेच एका मराठी पंडिताने फार नेमका पकडला होता. चित्पावन घराण्यातले आणि काशीत अध्ययन केलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, तो ख्रिस्ती प्रचारकांना उत्तर म्हणून. पूर्वकर्म मानले नाही तर जन्मापासून दिसणाऱ्या विषमतेचा दोष देवावर येतो, आणि ज्याचा शेवट काय होणार हे आधीच ठाऊक आहे असा जीव निर्माण करून त्याला कायमच्या नरकात लोटणारा देव न्यायी कसा म्हणावा, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, हेच नीळकंठशास्त्री जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पण आक्षेप घेणारा ख्रिस्ती झाला म्हणून आक्षेप निकालात निघाला नाही. हाच प्रश्न चर्चच्या आतले लोकही शतकानुशतके एकमेकांना विचारत होते.

त्याचे मूळ शास्त्रातच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचा दाखला देतो. ते जन्मले नव्हते, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, तेव्हाच देवाची निवड झाली होती, असे तो म्हणतो आणि पुढे कुंभार व मातीचा दृष्टान्त देतो. इफिसकरांस पत्रात तर जगाच्या स्थापनेपूर्वीच झालेल्या निवडीचा उल्लेख आहे. दुसरीकडे, अनुवादाच्या पुस्तकात मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो व जीवन निवडा म्हणून विनवतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रानुसार सर्व माणसांचे तारण व्हावे अशीच देवाची इच्छा आहे. यरुशलेमेसाठी व्याकूळ झालेला येशू म्हणतो, की मी तुम्हाला जवळ घेऊ पाहिले, पण तुमची इच्छा नव्हती. निर्गमाच्या पुस्तकात फारोचे मन कधी देव कठीण करतो, तर कधी फारो स्वतःच.

दोन्ही धागे किती घट्ट विणलेले आहेत हे पाहायचे तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २७वा अध्याय वाचावा. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पौल आलेक्सांद्रियाच्या एका गलबतावर आहे. वादळाने गलबत दिवसेंदिवस भरकटले आहे, माल समुद्रात टाकून झाला आहे, सूर्य आणि तारे दिसेनासे झाले आहेत. अशात पौल सर्वांना सांगतो, की देवाच्या दूताने मला रात्री वचन दिले आहे, गलबत जाईल, पण तुमच्यातला एकही जीव जाणार नाही. म्हणजे निकाल लागून गेला. मग चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याची चाहूल लागते आणि खलाशी नांगर टाकायच्या निमित्ताने होडी पाण्यात सोडून पळू पाहतात. तेव्हा हाच पौल शताधिपतीला बजावतो, की हे लोक गलबतावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. पहाटे पौल सर्वांना आग्रहाने जेवायला लावतो. गलबत वाळूत रुतून फुटते. ज्यांना पोहता येते ते आधी उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांवर तरंगत येतात आणि २७६ माणसे माल्टाच्या किनाऱ्याला सुखरूप लागतात. वचन पक्के होते, तरी खलाशांनी थांबणे, दोर कापणे, चार घास खाणे, पोहणे यांतले काहीच फाजील नव्हते. लिहिणाऱ्याला यात कोडे दिसलेले नाही. त्या वचनावर विसंबून पौल हातावर हात ठेवून बसला नाही आणि आपल्या हुशारीने सगळे वाचले असेही त्याने म्हटले नाही.

पुढच्या पिढ्यांना हा तोल साधणे जड गेले. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस हा साधा, कडक आचरणाचा माणूस होता. 'आम्ही दुबळे आहोत, देवच काय ते करील' असे म्हणत सैल जगणारे ख्रिस्ती त्याला तिथे दिसले. देव न्यायी आहे, तेव्हा जे माणसाला जमणारच नाही असे तो फर्मावणार नाही, असे त्याचे म्हणणे. मागणी साधीच होती, की मनावर घ्या आणि चांगले वागा. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला विरोध केला, कारण त्याचा स्वतःचा अनुभव उलटा होता. चांगले काय हे कळत असूनही आपल्याला ते वर्षानुवर्षे करता आले नाही, इच्छाच दुभंगलेली होती, हे त्याने 'कन्फेशन्स'मध्ये उघडपणे लिहिले आहे. इच्छेलाच रोग जडला असेल तर इच्छेच्या जोरावर बरे कसे व्हावे? म्हणून आरंभ देवाच्या कृपेचाच, असा निष्कर्ष त्याने काढला. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली. पुढे ५२९ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंज गावी भरलेल्या परिषदेने कृपाच आधी येते हे मान्य केले, पण देव कुणाला पापासाठी नेमतो हे मत तितक्याच कडक शब्दांत धिक्कारले.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेबरोबर हा वाद पुन्हा पेटला. विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने त्याला आवेशाने उत्तर दिले. पूर्वनियोजनाच्या मताशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव मात्र जॉन कॅल्व्हिनचे. तो स्वतः फ्रान्समधून परागंदा झालेला होता आणि त्याच्या काळात जिनीव्हा शहर फ्रेंच निर्वासितांनी भरून गेले होते. घरदार गमावलेल्या, मागे राहिलेल्या नातलगांच्या छळाच्या बातम्या ऐकणाऱ्या माणसांना त्याने सांगितले, की तुमचे तारण राजाच्या मर्जीवर नाही आणि तुमच्या धैर्याच्या चढउतारावरही नाही. ते देवाच्या अढळ निर्णयावर उभे आहे. हे ज्यांच्यासाठी सांगितले गेले त्यांच्या जागी उभे राहून पाहिले, तर हा सिद्धांत माणसांच्या मनाला का धरून राहिला ते कळते. कॅल्व्हिनने आपल्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाच्या १५५९च्या अंतिम आवृत्तीत हा विषय देवाच्या वर्णनात मांडलेला नाही. विश्वास आणि प्रार्थना यांवरची प्रकरणे संपल्यावर मांडला आहे. कृपा अनुभवलेल्या माणसाने मागे वळून पाहावे आणि हे माझ्या लायकीने आले नाही असे म्हणावे, ही त्याची स्वाभाविक जागा होती. पण त्याच जिनीव्हात, १५५१ मध्ये, जेरोम बोल्सेक नावाच्या वैद्याने भर सभेत या सिद्धांतावर आक्षेप घेतला तेव्हा त्याला कैद झाली आणि पुढे शहराबाहेर काढले गेले. पिडलेल्यांना धीर देणारे मत नगरसभेचा कायदा होताच शिक्षेचे कलम झाले.

यानंतरच्या सत्तर वर्षांत दोन ठिकाणी दोन वेगवेगळे मार्ग निवडले गेले. त्यांची तुलना आजही बोधप्रद आहे.

पहिले ठिकाण रोम. स्पॅनिश जेझुइट लुईस द मोलिना याने १५८८ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले, की कोणत्या परिस्थितीत कोण माणूस स्वतंत्रपणे काय निवडेल हे देवाला आधीच ठाऊक असते आणि त्या ज्ञानानुसार तो जगाची रचना करतो. त्यामुळे देवाचे नियोजनही अबाधित राहते आणि माणसाचे स्वातंत्र्यही. डॉमिनिकन पंथाच्या दोमिंगो बान्येस आणि त्याच्या सहकाऱ्यांना यात कृपेचे अवमूल्यन दिसले. प्रकरण पोपकडे गेले. १५९८ पासून जवळजवळ दशकभर, दोन पोपांच्या समक्ष, दोन्ही बाजूंचे विद्वान युक्तिवाद करत राहिले. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दिलेला निर्णय असा, की दोन्ही पक्षांनी आपापले मत शिकवावे, पण एकाने दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. ज्या संस्थेच्या हाती निकाल देण्याचा पूर्ण अधिकार होता, तिने तो राखून ठेवला. त्या काळाच्या मानाने हे लहान धाडस नव्हते.

दुसरे ठिकाण नेदरलँड्स. याकोबुस आर्मिनियस हा औडवाटर गावचा. १५७५ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्या गावात कत्तल केली, तीत त्याची आई आणि भावंडे मारली गेली. तो शिकायला परगावी होता म्हणून वाचला. पुढे जिनीव्हात कॅल्व्हिनचा वारस बेझा याच्याजवळ तो शिकला, अ‍ॅमस्टरडॅमला पाळक झाला, प्लेगच्या साथीत आजाऱ्यांच्या घरी जात राहिला आणि १६०३ मध्ये लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाला. माणूस स्वतःच्या बळावर तरतो असे त्याने कधीच म्हटले नाही. कृपा आधी येते, पण माणूस तिला नाकारू शकतो, एवढेच तो म्हणत होता. विश्वास कोण ठेवील हे देवाला आधीच दिसते आणि निवड त्यानुसार होते. त्याचा सहकारी गोमारूस याला हे देवाच्या सार्वभौमत्वावरचे आक्रमण वाटले. १६०९ मध्ये आर्मिनियस वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले आणि वाद विद्यापीठातून रस्त्यावर आला.

मग त्यात राजकारण शिरले. हॉलंड प्रांताचा ज्येष्ठ मुत्सद्दी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट दोन्ही मतांना चर्चमध्ये जागा असावी अशा विचाराचा होता; सेनापती मॉरिस याने विरुद्ध बाजूचा हात धरला. १६१८च्या ऑगस्टमध्ये ओल्डनबार्नेफेल्टला अटक झाली आणि १३ नोव्हेंबरला दोर्द्रेख्त शहरात राष्ट्रीय धर्मपरिषद बसली. इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन प्रदेशांतूनही प्रतिनिधी आले होते. निवेदन देणाऱ्यांना चर्चेचे भागीदार म्हणून आसन मिळाले नाही. त्यांना आरोपी म्हणून बोलावले गेले आणि १६१९च्या जानेवारीत सभागृहातून हाकलून देण्यात आले. मेच्या आरंभी त्यांची पाचही कलमे फेटाळणारा निर्णय जाहीर झाला. ९ मे रोजी परदेशी पाहुणे निरोप घेऊन गेले. १३ मे रोजी द हेगमध्ये ७१ वर्षांच्या ओल्डनबार्नेफेल्टचा शिरच्छेद झाला. त्याच्यावरचा आरोप देशद्रोहाचा होता. पण दोन्ही घटना एकाच लाटेने किनाऱ्याला आणल्या हे तेव्हाच्या लोकांना स्पष्ट दिसत होते. त्याचा सहकारी, कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियस, याला जन्मठेप झाली आणि दोन वर्षांनी तो पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला. सुमारे २०० पाळकांची पदे गेली. पुष्कळांना देश सोडावा लागला. एवढे होऊनही प्रश्न मिटला नाही. १६२५ मध्ये मॉरिस वारला, बंधने हळूहळू सैल झाली आणि आर्मिनियसच्या विचारांची मंडळी नेदरलँड्समध्ये आजही आहे.

दोर्द्रेख्तच्या निर्णयाकडे मात्र फक्त दडपशाहीचा कागद म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्यातल्या पहिल्या प्रकरणाचे सतरावे कलम तान्ह्या बाळांविषयी आहे. त्या काळी युरोपात बाळ दगावले नाही असे घर विरळाच. निवड आधीच झाली असेल तर माझे बाळ कुठे गेले, हा आईबापांचा प्रश्न त्या विद्वानांना टाळता आला नाही. त्यांनी लिहिले, की देवभीरू आईबापांनी आपल्या मेलेल्या बाळाच्या तारणाबद्दल शंका धरू नये. त्याच्या आधीचे कलम सांगते, की ज्यांना अजून आपल्यात जिवंत विश्वास जाणवत नाही त्यांनी या शिकवणीने घाबरून जाऊ नये. विरोधकांना हाकलून देणाऱ्या त्याच सभेने दुःखी माणसापुढे निकालाची लेखणी खाली ठेवली होती. तो सिद्धांत त्याच्या खऱ्या जागी दिसतो तो या दोन कलमांत.

इथे एक आक्षेप येईल. तुम्ही सत्याचा प्रश्न सौजन्यावर नेऊन सोडवता, असे म्हटले जाईल. देवाने नेमले आहे की नाही, याचे उत्तर एकच असणार. उत्तर एकच असेलही, आणि प्रत्येक चर्चने आपल्याला पटलेले मत ठामपणे शिकवावे. पण कोण निवडलेला आहे हे माणसाला कळत नाही, हे तर दोन्ही बाजूंना आधीपासून मान्य आहे. ऑगस्टीनने तेच म्हटले. त्याचा हवाला देऊन कॅल्व्हिनने लिहिले, की त्या संख्येत कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसल्याने सर्वांचे तारण व्हावे अशीच इच्छा आपण धरावी. कॅल्व्हिनला विरोध करणाऱ्या त्रेंतच्या कॅथलिक परिषदेनेही १५४७ मध्ये ठरवले, की देवाने विशेष प्रकट केल्याखेरीज आपण निवडलेल्यांत आहोत असे कुणीही खात्रीने म्हणू नये. एरवी एकमेकांना पाखंडी म्हणणारे या एका मुद्द्यावर एकमुखाने बोलतात. तेव्हा निकाल न देण्याची मर्यादा बाहेरून कुणी लादलेली नाही. ती या सिद्धांताच्या आतच आहे.

निकाल स्वतःवरही लावायचा नसतो, हे इंग्लिश कवी विल्यम कूपरच्या आयुष्यावरून कळते. १७७३ मध्ये तीव्र मनोविकाराच्या भरात, आपण देवाने कायमचे टाकून दिलेले आहोत, अशी त्याची ठाम समजूत झाली. १८०० मध्ये मरेपर्यंत ती गेली नाही. पूर्वनियोजनाचा सिद्धांत त्याच्या आजारपणात स्वतःविरुद्धचा हुकूमनामा होऊन बसला. त्याचा शेजारी आणि मित्र जॉन न्यूटन हा कॅल्व्हिनच्याच विचारांचा पाळक होता. त्याने या समजुतीला दुजोरा दिला नाही आणि युक्तिवाद करून मित्राला शिणवलेही नाही. त्याने कूपरला आपल्या घरी आणले आणि वर्षाहून अधिक काळ सांभाळले. आधी दोघांनी मिळून रचलेली भक्तिगीते १७७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांतली कूपरची गीते इंग्रजी चर्चमध्ये आजही गायली जातात. ज्याला स्वतःच्या तारणाची तिळमात्र आशा उरली नव्हती, त्याच्या शब्दांनी किती जणांना धीर दिला असेल! आपल्याच बाबतीतला आपला निकालही किती चुकीचा असू शकतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मतभेद राखूनही नाते न तोडणारे लोक या इतिहासात आहेत. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे इंग्लिश धर्मप्रचारक ऑक्सफर्डपासूनचे मित्र. वेस्लीने १७३९ मध्ये पूर्वनियोजनाविरुद्ध जळजळीत प्रवचन दिले. व्हाइटफील्डने पुढच्या वर्षाअखेर जॉर्जियातून सविस्तर पत्र लिहून उत्तर दिले, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मते शेवटपर्यंत बदलली नाहीत, पण स्नेह परतला. १७७० मध्ये व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार लंडनमधले स्मृतिप्रवचन वेस्लीने केले. दोघांच्या अनुयायांत वाद पुढेही कडवटपणे चालू राहिला. त्या दोघांनी निदान एवढे दाखवून दिले, की हा प्रश्न शिल्लक ठेवूनही एकमेकांच्या अंत्यसंस्कारात बोलता येते.

महाराष्ट्रात तर यापुढचे पाऊल पडले आहे. इथल्या प्रोटेस्टंट मंडळ्या अनेक वाटांनी आल्या. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेचे होते आणि १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. म्हणजे दोघांची मुळे कॅल्व्हिनच्या शिकवणीत. मेथडिस्ट वेस्लीचे वारस. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांचे संयुक्त चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रेद्रेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च मात्र बाहेर राहिले. या चर्चने बाप्तिस्म्याचे दोन्ही प्रकार मान्य केले आहेत. आईच्या कडेवरच्या बाळाला बाप्तिस्मा देता येतो, तेव्हा मंडळी सांगत असते, की या जिवाला काही कळण्याआधीच कृपा त्याच्यापर्यंत पोहोचली आहे. जाणत्या वयात स्वतः उभे राहून विश्वास कबूल करणाऱ्यालाही तो घेता येतो, तेव्हा मंडळी सांगते, की हा निर्णय तुझ्यावाचून दुसरा कुणी घेऊ शकत नाही. दोर्द्रेख्तला ज्या दोन सत्यांनी एकमेकांना सभागृहाबाहेर काढले, ती इथे एकाच चर्चच्या नियमांत सुखाने नांदतात. हे यश मराठी ख्रिस्ती समाजाने अभिमानाने सांगावे असे आहे.

म्हणूनच आजच्या वापराबद्दल सावध राहायला हवे. आरोग्यप्रार्थनेच्या सभेहून परतलेल्या आजारी माणसाला, तुझा विश्वास कमी पडला म्हणून तू बरा झाला नाहीस, असे सांगितले जाते, तेव्हा इच्छास्वातंत्र्याचे मत क्रूर होते. आजाराचे ओझे होतेच. आता त्यावर दोषाचे ओझे चढले. उलट बाजूने, वेळेवर उपचार न मिळाल्याने बाळंतीण दगावली, दारू पिऊन चालवलेल्या गाडीखाली पोर गेले, आणि त्यावर "प्रभूची इच्छा" म्हणून पडदा टाकला, तर पूर्वनियोजनाच्या नावाखाली माणसाने आपली जबाबदारी देवावर ढकलली. तेच वाक्य मुलगा गमावलेल्या बापाने स्वतः उच्चारले, तर ती त्याची श्रद्धा आहे आणि तिच्यापुढे आपण नम्रच व्हावे. दुसऱ्याने ते त्याच्या कानात घालण्याआधी मात्र शंभरदा विचार करावा.

दोन्ही मते योग्य जागी कशी नांदतात हे दारूतून सुटू पाहणाऱ्या माणसांना ठाऊक असते. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालेल्या आणि मुंबई-पुण्यातही सभा घेणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांची जडणघडण एका ख्रिस्ती पुनरुज्जीवन चळवळीच्या प्रभावाखाली झाली. पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत याची कबुली. हे ऑगस्टीनचे म्हणणे. पुढच्या पायऱ्यांत त्याच माणसाला आपल्या चुकांची यादी करावी लागते आणि ज्यांना दुखावले त्यांच्याकडे जाऊन भरपाई करावी लागते. हे पेलागियसलाही पटले असते. माझ्या हातात काही नव्हते आणि आज पिणार नाही हे माझ्याच हातात आहे, ही दोन्ही वाक्ये तो माणूस एकाच सभेत मनापासून बोलतो. कारण दोन्ही तो स्वतःविषयी बोलतो आहे.

ख्रिस्ती मंडळ्यांनी हा वाद सोडून द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. तो सोडला तर एकीकडे कृपेची कृतज्ञता पातळ होईल आणि दुसरीकडे जबाबदारीची धार बोथट होईल. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो पूर्ण शिकवावा, रोमकरांस पत्राचा नववा अध्याय आणि अनुवादाचा तिसावा अध्याय एकत्र वाचून घ्यावेत, तरुणांना नीळकंठशास्त्र्यांसारखे बोचरे प्रश्न विचारू द्यावेत. पाळकाने व्यासपीठावर स्वतःच्या परंपरेचे मत न कचरता मांडावे. पण आजाऱ्याच्या खाटेपाशी, शोकाच्या घरी, वाट चुकलेल्या पोराविषयी बोलताना त्याच्या हाती निकाल नाही, हे त्याने आणि मंडळीने लक्षात ठेवावे. कोण आत आणि कोण बाहेर हे देवाचे काम आहे, असे दोन्ही परंपरांनी लिहून ठेवले आहे. आपल्या वाट्याला आलेले काम त्या गलबतावरच्या पौलासारखे आहे: वचनावर भरवसा ठेवावा, सोबतच्या माणसांना उपाशी राहू देऊ नये आणि कुणालाही मागे टाकून पळू नये.